उलटी गाठ

सोलापूर, ता. १७ फेब्रुवारी १९३५

चि. सौ. सरोजिनी हीस अनेक आशीर्वाद.

वरचा 'सौ.' चुकून पडलेला नाही, विचार करून लिहिला आहे. तुझं दुसरं लग्न होऊन सात वर्षं होत आली आणि या घरातून तुझ्या नावामागे तो आज पहिल्यांदा लागतो आहे. सासूबाई असत्या तर त्यांनी दौत माझ्या डोक्यावर उपडी केली असती. त्या मागच्या दसऱ्याआधी गेल्या, मुकुंदानं तुला कळवलंच असेल म्हणा. आपला भाऊ रेल्वेत गार्ड झाला तो आपल्या दोघींच्या टपालासाठीच, असं मला हल्ली वाटायला लागलं आहे. माझ्या ऑपरेशनची बातमीही त्यानंच हुबळीला पोचवली. कोणाला सांगू नकोस म्हणून मी त्याला शपथ घातली होती. त्याच्या पोटात काही राहिलं आहे का कधी?

तर विचारतेस ते सांगते. डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती म्हणून बोलले नाही, आणि बोलायचं तरी कसं, असल्या जागेचं? पुढे कातडी आत ओढली जायला लागली तेव्हा ह्यांच्या कानावर घातलं. हे कोर्टात शिरस्तेदार, वकिलांना दरडावतात, पण त्या दिवशी नुसता चष्मा पुसत बसले. मग मिरजेच्या दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी ती सगळी बाजू काढून टाकली, थेट काखेपर्यंत. कॅन्सर म्हणतात त्याला. आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारत नाही, 'ते दुखणं' म्हणतात.

आता जखम भरली आहे. चोळीत एका बाजूला कापूस भरते. हळदीकुंकवाला आलेल्या बायका कुंकू लावताना नजर माझ्या कपाळावरच राहावी म्हणून इतका आटापिटा करतात की मलाच त्यांची कीव येते.

तू येते म्हणतेस. येऊ नकोस. उन्हाळा तोंडावर आला, सोलापूरचं ऊन तू विसरली असशील. आमच्या विहिरीत पाणी नाही. शिवाय ह्यांना आवडायचं नाही.

पत्र मात्र पाठवत जा.

तुझी
प्रेमलाताई


सोलापूर, ता. २४ मार्च १९३५

चि. सरू,

'दार लावून घ्यायचं आणि फटीतून पत्र मागायचं,' असं लिहिलंस. सात वर्षांत जिभेची धार काही कमी झाली नाही म्हणायची. लिही, लिही. माझी करमणूक होते.

तब्येतीचं खरं सांग म्हणतेस. दुखत काहीच नाही. पण थकवा म्हणजे काय हे मला आजवर ठाऊकच नव्हतं, सरू. दोन बाळंतपणं झाली, प्लेगात गावाबाहेर झोपड्या घालून राहिलो, तेव्हासुद्धा दमले असं म्हटलं नाही. आता वेणी घालताना हात अर्ध्यावर खाली येतो आणि मी अर्धी वेणी हातात धरून बसून राहते. तांदूळ निवडायला घेते, आणि डोळ्यांपुढे ताट तसंच असतं, खडेही तसेच. झोपून उठलं की झोपायच्या आधीपेक्षा जास्त दमलेली असते. भेटायला येणारे म्हणतात, आता छान दिसता हो. हे म्हणतात, अशक्तपणा आहे, दूध घे. मी मुकाट्यानं दूध पिते. मनात येतं, मी प्यायलेलं दूध नक्की कोणाच्या अंगी लागतंय?

भीती वाटते. लिहूनच टाकते, बोलायला कोणी नाही. सकाळी डोळा उघडला की माझी बोटं चोरासारखी काखेत जातात, मग मानेशी, मग उजव्या बाजूला. काही सापडत नाही. दुपारी पुन्हा शोधतात. आणि जी बाजू कापून नेली तिथे खाज सुटते. हात लावावा तर तिथे नुसती बरगडी. नसलेल्या जागी खाजवायचं कसं, हे मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं नाही.

आणखी एक गंमत. आमच्या मागच्या अंगाला साळ्यांची घरं आहेत, दिवसभर माग खटखटत असतात. दुपारी बाराला गिरणीचा भोंगा झाला की माग थांबतात, सगळे जेवायला बसतात. ऊन इतकं पांढरं असतं की अंगणात सावलीसुद्धा दिसत नाही. त्या शांततेत मला हटकून डोळा लागतो. माग पुन्हा सुरू झाले की जाग येते. तर गेल्या सोमवारी जाग आली आणि बघते तो माझ्या पदराच्या टोकाला गाठ.

वाटलं, मीच मारली असेल. आई नाही का, काही विसरू नये म्हणून पदराला गाठ मारायची आणि मग गाठ कशाची ते सगळ्यांना विचारत हिंडायची. मीही तशीच झाले, म्हणून हसले आणि सोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी पदर मुद्दाम कमरेला घट्ट खोचून निजले. उठले तर पदर अंगावर नीट पसरलेला, आणि टोकाला गाठ.

गाठ हा शब्दच मला आता सोसत नाही. दिसली की सोडते. त्याशिवाय घोटभर पाणी घशाखाली उतरत नाही.

तुझी ताई


सोलापूर, ता. २१ एप्रिल १९३५

चि. सरू,

तुझं पत्र आलं. पदराच्या गाठीबद्दल मी एवढं लिहिलं आणि तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. हुबळीच्या आंब्यांचं मात्र पानभर वर्णन. तुला मी ओळखते. तू गप्प बसलीस की काहीतरी लपवत असतेस.

माझा डावा हात सुजतो. काखेतलं काढलं की असं व्हायचंच, म्हणाले डॉक्टर. तेल चोळायला बसव्वा येते. अक्कलकोटकडची आहे, दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे कामाला लागली. तू तिला पाहिलेली नाहीस आणि तिनं तुला. हे नीट लक्षात ठेव आणि पुढचं वाच.

परवा तेल चोळता चोळता म्हणाली, "लई दमलाय की तुमी, बाईसाब. त्या पावण्या बाई रोज येत्यात, त्यास्नी दोन भाकऱ्या थापायला सांगा की."

मी म्हटलं, "कोण पाहुण्या बाई?"

"आवो त्या की. दुपारी तुमच्या उशाशी बसत्यात त्या. मी भांडी घ्यायला येती तवा रोज दिसत्यात. बोलत न्हाईत काय न्हाईत. तुमचा पदर मांडीवर घिऊन बसत्यात."

"कुठे बसतात?"

"हितं की." आणि तिनं माझ्या उशाजवळच्या फरशीवर हात ठेवला. मग म्हणाली, "डावऱ्या हायत न्हवं का त्या? समदं डाव्या हातानं करत्यात."

 मी हसून विचारलं, "दिसायला कशा आहेत?"

"तोंड कुटं दिसतंय बाईसाब. उजेड लई असतोय मागनं."

त्या दिवशी सुटली नाही म्हणून गाठ खिडकीशी नेऊन नीट पाहिली. उलटी होती. मी मारते त्याच्या बरोबर उलट फिरवलेली. तुझ्या परकराची नाडी आठवते? तू स्वतः बांधलीस की घरात कोणाला ती सुटत नसे, आई शेवटी कात्री घ्यायची आणि तुझ्या डाव्या हातावर एक फटका द्यायची. तसली गाठ. शेवटी दातांनी सोडली.

सरू, दुपारी बारा वाजता तू काय करतेस? जेवते, असं उत्तर मला नको.

हे परवा म्हणाले, "सरोजिनीला बोलावून का घेत नाहीस? तुला सोबत होईल." मी म्हटलं, तिला सवड नाही. ह्यांना आवडायचं नाही असं मी तुला लिहिलं होतं ते... असो.

ताई


सोलापूर, ता. १२ मे १९३५

चि. सरू,

पुढच्या रविवारी निघते, तू काय म्हणशील ते म्हण, असं तुझं कार्ड आलं. निघू नकोस. पाया पडते तुझ्या. लहान बहिणीच्या पाया पडू नये, पण पडते. आता खरं कारण सांगते आणि तू हसलीस तरी चालेल.

तू शेवटची या घरी आलीस तो दिवस आठव. पुनर्विवाह झालेली म्हणून सासूबाईंनी तुझं पान बाहेर पडवीत मांडलं होतं. तू पहिला घास घेतला नाहीस. उठलीस, आणि उंबऱ्यावर उभी राहून मला म्हणालीस, "या जन्मी आता पुन्हा गाठ व्हायची नाही, ताई!" मी वरणाचं भांडं हातात धरून उभी होते. कसली गाठ, ते मला तुला विचारायची काही गरज नव्हती. तुझी-माझी. भेट.

तुझी जीभ काळी आहे हे आई म्हणायची आणि आपण सगळे हसायचो. दूध नासेल म्हणालीस की नासायचं. शेजारच्या नंदूला पडशील म्हणालीस आणि तो त्याच पायरीवरून पडला.

मिरजेला मला क्लोरोफॉर्म दिला तेव्हा नाकातोंडात तो गोड वास शिरला, दिवे लांब गेले, आणि त्या लांबून तुझा आवाज आला. अगदी स्पष्ट. "या जन्मी आता पुन्हा गाठ व्हायची नाही, ताई!" शुद्धीवर आले तेव्हा अंग कापल्याच्या वेदनांतही मी इतकी निर्धास्त होते की नर्स चकित झाली. माझ्या मनानं घेतलं की तू मला वाचवून ठेवलं आहेस. सात वर्षांपूर्वीच.

दवाखान्यातून निघताना तिथले साहेब डॉक्टर आले. मराठी बोलतात आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. हसून म्हणाले, "बरं बाई, तीन महिन्यांनी पुन्हा गाठ होईल!" मी किंकाळी फोडली. हे धावत आले. तपासायला या, तेव्हा भेटू, असं त्यांना म्हणायचं होतं. सगळे पोट धरून हसले, मीही हसले. पण सरू, ते हसणं ओठांच्या आत कधी गेलंच नाही. आपल्या भाषेत माणूस भेटला तरी गाठ होते आणि ते दुखणं उलटलं तरी गाठच होते. शब्द एकच. तुझ्या तोंडून निघाला तेव्हा त्याचे दोन्ही अर्थ त्यात होते.

तीन महिन्यांनी दाखवलं तेव्हा काही नव्हतं. कारण तू आली नव्हतीस. तू आलीस, दारात उभी राहिलीस, की तुझा शब्द मोडला. मग माझी राखण करायला काय उरलं?

म्हणून येऊ नकोस. तुला भेटावंसं वाटत नाही असं समजू नकोस. भेटावंसं इतकं वाटतं की परवा टांग्यात तुझ्यासारखी मान असलेली बाई दिसली आणि मी दारापर्यंत पळाले. चांगली पळाले, या अंगानं. मग डोळे घट्ट मिटून घेतले, चुकून तू असलीस तर म्हणून.

ताई


सोलापूर, ता. ९ जून १९३५

चि. सरू,

आली नाहीस. माझं ऐकलंस. जन्मात पहिल्यांदा.

काल मुकुंद येऊन गेला. होटगीला गाडी सोडून तसाच आला, अंगावर कोळशाचा वास, हातात तुझी आंब्यांची करंडी. चहा बशीत ओतता ओतता म्हणाला, "ताई, आपल्या सरूला वेड लागायची पाळी आली आहे."

मी म्हटलं, "तिला कधी शहाणपण होतं?"

"चेष्टा नाही करत. रोज दुपारी बाराचा टोला पडला की देवापुढे बसते. डोळे मिटते, तुझं नाव घेते आणि पदराला गाठ मारते. नवस केलाय म्हणे. गाठ पदराला आहे तोवर तुझं दुखणं उलटायचं नाही."

माझा हात पदराकडे गेला होता.

"बरं, तेवढ्यावर भागेल तर शपथ. तिची गाठ टिकतच नाही! मी स्वतः पाहिली. चांगली गच्च मारली, पदर खोचला, बाकी सगळ्यांची पानं वाढली. तास-दीड तासानं बघते तर टोक मोकळं. पदराला हात लावायला माणूस नाही. ढसाढसा रडली. म्हणाली, दादा, रोज असंच होतं, कोणीतरी सोडतं रे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मारायला बसली."

बशी त्याच्या हातात तशीच राहिली. माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, काय झालं? पांढरीफटक पडलीस."

काय सांगू त्याला? त्याच दुपारी मी तुझी गाठ सोडली होती. सुटत नव्हती म्हणून दातांनी ओढली होती, आणि तुझ्या गाठीचा एक धागा मुकुंद बोलत असताना माझ्या दातात अडकलेला होता. तो मी जिभेनं चाचपत होते. माझं लुगडं हिरवं. धागा लाल होता.

तुझ्यापाशी लाल काठाचं लुगडं आहे का ग? नको, सांगू नकोस.

सगळा उन्हाळा तू बांधत होतीस आणि मी सोडत होते. सरू, मी किती सोडल्या!

ताई


सोलापूर, ता. १६ जून १९३५

चि. सौ. सरू,

मुकुंद गेल्यावर दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, माग थांबले, मी पदर उशीवर मोकळा पसरून निजले. तुला सोपं जावं म्हणून. उठले तेव्हा गाठ होती. तिला हात लावला नाही. तेव्हापासून तेच लुगडं नेसते आहे. न्हाणीत उतरवते आणि पुन्हा तेच गुंडाळते. बसव्वा नाक मुरडते, "यव्वा, धुवायला टाका की आता." हे परवा दूध देताना पदराकडे बघत उभे राहिले.

आता जे लिहिते ते ह्यांनाही सांगितलेलं नाही.

बुधवारी सकाळी बोटं नेहमीच्या फेरीला निघाली. डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वर, हरभऱ्याच्या डाळीएवढं काहीतरी लागलं. हलत नाही. दुखत नाही. तीही दुखत नव्हती.

कदाचित ते नुसतं हाड असेल. रोज चाचपून चाचपून माणसाला स्वतःचं हाडही परकं लागत असेल. कदाचित मी तुझ्या गाठी सोडत होते तेव्हाच ते आलं असेल. येत्या गुरुवारी मिरजेला जायचं ठरलं आहे. डॉक्टर बोटं लावतील आणि एका शब्दात सांगतील.

दोन दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. काल मात्र एकदम उठून बसले. इतक्या महिन्यांत दम न लागता उठले ती कालच. मनात आलं, मी उलटा विचार करत आले आहे. तुझा शब्द वर ज्याच्या कानावर गेला, त्यानं तरी विचारलं असेल का, बाई, कुठली गाठ? त्याला शब्द एकच ठाऊक. आता शब्द मोडायचाच असेल, या जन्मी पुन्हा गाठ व्हायचीच असेल, तर एक होईल. दोन्ही कशाला होतील? मग ती आपली होऊ दे. तुझी-माझी. डॉक्टरांच्या बोटांच्या आधी.

हुबळीहून मिरज सोयीची आहे हे मला समजतं. पण मिरजेला भेटायचं नाही. तोवर उशीर होईल. आधी इथे ये. मुकुंदाला तार करायला ह्यांना सांगितलं आहे. का, ते विचारलं नाही त्यांनी, नुसता सदरा चढवला आणि पोस्टात गेले. तुझं पान स्वयंपाकघरात, माझ्या पाटाला लागून मांडीन. वरण वाढायचं राहिलं होतं, ते वाढीन. मग दोघी मिरजेला जाऊ आणि डॉक्टरांना म्हणू, साहेब, गाठ झाली आमची, आता तुम्ही काय ते बघा. होईल ना असं? तुझ्या जिभेनं एकदा 'होईल' म्हण.

घाबरले आहे ग. लिहिताना ऐटीत लिहिते, पण फार घाबरले आहे. मला जगायचं आहे. दमलेली तर दमलेली, अर्ध्या वेणीची तर अर्ध्या वेणीची, पण जगायचं आहे.

हे लिहिता लिहिता भोंगा झाला. माग थांबले आहेत. आज मी निजले नाही, बसूनच आहे. आणि पदर मागून हळूच ओढला जातो आहे, सवयीच्या हातानं, डाव्या. बांगड्यांचा आवाजसुद्धा येतो आहे.

मी मागे वळून बघणार नाही, सरू. अशी गाठ मला नको, ही मोजायची नाही. तू तिकीट काढून ये. होटगीला गाडी बदल. टांग्यातून दारात उतर, आणि मला मोठ्यानं हाक मार.

वाट बघते.

ताई